कुळाची बायको आणि तिचे प्रमाणपत्र

गेल्या हिवाळ्यात न्यू जर्सीत आमच्या एका जुन्या स्नेह्यांकडे मुक्काम घडला. अंगातला कोट काढण्याचीही उसंत न देता त्यांनी आम्हांस थेट दिवाणखान्यातल्या भिंतीपाशी नेले. काळी बारीक चौकट, आत रुंद पांढरा समास, वरून केवळ त्या चौकटीसाठी लावलेला दिवा, आणि मधोमध एका स्त्रीचे कृष्णधवल छायाचित्र. मागे लाकडी घराच्या आडव्या फळ्या. घट्ट मागे ओढलेले केस, कपाळावर आठी, आत घेतलेले पातळ ओठ, आणि छायाचित्रकाराकडे रोखून पाहणारे डोळे. ते डोळे दयेची याचना करीत नाहीत, स्वागतही करीत नाहीत.

'ओळखा,' स्नेही म्हणाले. ओळखले, ओळखण्यात आमचे विशेष काही कर्तृत्व नव्हते. विसाव्या शतकातील छायाचित्रणाचा कोणताही जाडजूड ग्रंथ उघडला की हा चेहरा भेटतोच. वॉकर एव्हन्स, हेल काउंटी, अलाबामा, उन्हाळा १९३६.

मग खणातून प्रमाणपत्र निघाले. त्यावर छायाचित्रकाराचे नाव होते, प्रिंट काढणाऱ्या कारागिराची सही होती, शाईचा प्रकार होता, रंग किती वर्षे टिकेल याची ग्वाही होती, आवृत्ती पन्नास प्रतींची असून ही सतरावी प्रत असल्याचा निर्वाळा होता. कागद शंभर टक्के कापसाचा असल्याचेही ठळकपणे नोंदलेले होते. शीर्षक : 'अलाबामातील कुळाची बायको'. स्नेही ते सारे अभिमानाने वाचून दाखवीत होते. वहिनी चहा घेऊन आल्या, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, 'भाऊजी, एवढं सगळं लिहिलंय, पण हिचं नाव काय हो?'

प्रमाणपत्रावर ते नव्हते. हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे. ज्या धंद्यात असले प्रमाणपत्र निर्वेधपणे छापले जाते, विकले जाते आणि रसिकतेची खूण म्हणून मिरवले जाते, त्या धंद्याशी आणि त्याला शब्द पुरवणाऱ्या आस्वादकांशी आमचे भांडण आहे. एव्हन्सशीही थोडे आहे. पण ते निराळ्या प्रकारचे, प्रेमाचे भांडण आहे.

तिचे नाव ॲली मे बरोज. छायाचित्र काढले तेव्हा वय सत्तावीस. अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या सूचीत हे नाव स्वच्छ नोंदलेले आहे आणि घरबसल्या कोणालाही ते पाहता येते. म्हणजे शासकीय दप्तराला जे ठाऊक आहे, ते कलेच्या प्रमाणपत्राला ठाऊक नाही. दप्तर रुक्ष असते आणि कला माणसाच्या अंतरंगाला भिडते, अशी आपली समजूत असते. येथे मात्र दप्तराने माणसाचे नाव राखले आणि कलेने तिला 'अमक्याची बायको' करून सोडले.

हे छायाचित्र जन्माला कसे आले, ते थोडक्यात सांगणे भाग आहे; कारण चौकटीतला पांढरा समास नेमके तेवढेच कापून टाकतो. १९३६ च्या उन्हाळ्यात 'फॉर्च्यून' या श्रीमंतांच्या मासिकाने जेम्स एजी या तरुण लेखकाला दक्षिणेतील कापूस पिकवणाऱ्या गोऱ्या कुळांवर लेख लिहिण्यास धाडले. एजीने सोबत एव्हन्सला मागून घेतले. एव्हन्स तेव्हा रीसेटलमेंट ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याच्या नोकरीत होता. मंदीने उद्ध्वस्त झालेल्या शेतकऱ्यांसाठी रूझवेल्ट सरकारने १९३५ साली काढलेले हे खाते. पुढे १९३७ पासून त्याचेच नाव फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन झाले. खात्याने एव्हन्सला मासिकाकडे उसना दिला, पण एका अटीवर : निगेटिव्ह सरकारच्या मालकीच्या होतील. दोघे तीन कुटुंबांत राहिले, लिहिले, छायाचित्रे काढली. 'फॉर्च्यून'ने लेख छापला नाही. पुढे त्यातून 'लेट अस नाउ प्रेझ फेमस मेन' हा विलक्षण, अवजड, अंगावर येणारा ग्रंथ १९४१ साली निघाला. पहिल्या वर्षी त्याच्या जेमतेम सहाशे प्रती खपल्या. आज तो अभिजात गणला जातो. (फेटाळलेल्या लेखाचा मूळ खर्डा २०१३ साली 'कॉटन टेनंट्स' या नावाने स्वतंत्र प्रसिद्ध झाला. मोठ्या ग्रंथात एजीचा जीव जेथे जेथे स्वतःच्या अपराधी भावनेत गुंततो, तेथे हा खर्डा सरळ हिशेब मांडतो. आम्हांस तो अधिक आवडतो, हे येथेच कबूल करून टाकतो.)

तो हिशेब काय होता? 'टेनंट फार्मर' या शब्दांमागे जे आहे, त्यासाठी मराठीत जुना, नेमका शब्द आहे : अर्धेली. जमीन मालकाची, घर मालकाचे, खेचर आणि अवजारे मालकाची. पिकलेल्या कापसातला आणि मक्यातला निम्मा हिस्सा मालकाचा. खताच्या खर्चात कुळाचा वाटा निराळा. पेरणीपासून पुढचे काही महिने पोट भरण्यासाठी मालक महिन्याला सुमारे दहा डॉलर उचल देई, आणि ती शरद ऋतूत आठ टक्के व्याजासह फेडायची असे. कापसाचा भाव पडला, पाऊस चुकला, घरात कोणी आजारी पडले, की वर्षाअखेरीस कुळाच्या हाती काही उरत नसे. उलट मालकाच्या वहीत बाकी उभी राहत असे. ती वही मालकच लिहीत असे, हेही लक्षात घ्यावे. कोकणातल्या खोतीच्या किंवा देशावरच्या सावकारीच्या कथा ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत, त्यांना या व्यवहाराचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आता पुन्हा चौकटीकडे पाहू. कपाळावरची ती आठी म्हणजे उन्हाळ्यातील उन्हात उघड्यावर उभे राहिल्याची खूण आहे, तशीच ती या वहीचीही आहे. मागच्या बिनरंगाच्या फळ्या तिच्या घराच्या आहेत आणि तिच्या नाहीतही. घर मालकाचे आहे. हे कळल्यावर छायाचित्र कमी सुंदर होते काय? मुळीच नाही. मात्र त्या सौंदर्याला एक धार येते, आणि कापूस पिकवून निम्मा घालवणाऱ्या घरातल्या बाईचा चेहरा 'शंभर टक्के कापसाच्या' कागदावर छापून मिरवताना आपला हात किंचित थबकतो. तो थबकू नये, एवढ्याच कारणासाठी मथळा कापला जातो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आस्वादकांची भाषा पाहावी. फळ्यांच्या आडव्या रेषा आणि ओठांची आडवी रेषा यांचा 'संवाद'. लाकडाचा पोत आणि त्वचेचा पोत यांची 'समरसता'. करड्या छटांची 'श्रीमंती'. यातले एकही विधान खोटे नाही. आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हवर, तिकाटण्यावर ठेवलेल्या जड कॅमेऱ्याने टिपलेल्या त्या चेहऱ्यात पोताची आणि छटांची अशी काही स्पष्टता आहे, की पाहणारा थक्क होतो. पण अर्धेलीने कसणाऱ्या घरातल्या बाईच्या चेहऱ्यासंबंधी बोलताना 'श्रीमंती' हा शब्द सहज सुचावा आणि लिहिणाऱ्याच्या मनाला तो जराही बोचू नये, येथे काहीतरी बिघडले आहे. बाई आणि फळी यांच्या पोतातले साम्य पाहता पाहता बाईची फळी कधी झाली, ते यांच्या ध्यानातही येत नाही.

यावर एव्हन्सचाच दाखला आमच्या तोंडावर फेकला जाईल, हे आम्ही जाणून आहोत. आयुष्याच्या अखेरीस, १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतीत त्याने 'डॉक्युमेंटरी' या शब्दालाच हरकत घेतली होती. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : खरा दस्तऐवज म्हणजे खुनाच्या जागी पोलिसांनी काढलेले छायाचित्र, दस्तऐवजाला उपयोग असतो, कलेला तसा उपयोग नसतो, म्हणून कला कधी दस्तऐवज होत नाही, ती फार तर त्याची शैली अंगीकारू शकते. एव्हन्सपुरते हे म्हणणे प्रामाणिक होते. सरकारी नोकरीतही त्याने प्रचाराला नकार दिला, वरिष्ठांशी त्याचे कधी जमले नाही, आणि १९३७ साली ती नोकरी सुटली. १९३८ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 'अमेरिकन फोटोग्राफ्स' हे त्याचे प्रदर्शन भरले. एकाच छायाचित्रकाराला वाहिलेले त्या संग्रहालयातील ते पहिले प्रदर्शन. सोबतच्या पुस्तकात ८७ चित्रे होती. प्रत्येक चित्रासमोरचे पान कोरे, आणि शीर्षके प्रत्येक भागाच्या शेवटी यादी करून दिलेली. ॲली मे तेथे 'अलाबामातील कुळाची बायको' या नावाने आली. म्हणजे आमच्या स्नेह्यांच्या प्रमाणपत्रावरील शीर्षक विक्रेत्याने पदरचे घातलेले नव्हते, ते मुळात एव्हन्सचे होते. मोठमोठी संग्रहालयेही आजवर तेच चालवीत आली आहेत.

मग एव्हन्स दोषी ठरतो काय? येथे आम्हांस थोडे थांबून त्याची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती बळकट आहे. त्या काळी गरिबांची छायाचित्रे मथळ्यांच्या गोंगाटात छापली जात. एर्स्किन कॉल्डवेल आणि मार्गारेट बर्क-व्हाइट यांचे १९३७ सालचे 'यू हॅव सीन देअर फेसेस' हे पुस्तक घ्या. त्यात चित्रांखाली माणसांच्या तोंडी घातलेली वाक्ये लेखकद्वयाने स्वतःच रचलेली होती, आणि तसे पुस्तकातच नमूद होते. या प्रकाराचा एव्हन्सला व एजीला मनस्वी तिटकारा होता. आपल्या ग्रंथात त्यांनी छायाचित्रे प्रारंभी एकत्र घातली, एक अक्षरही सोबत न देता, जेणेकरून वाचक आधी त्या माणसांच्या नजरेला नजर देईल. कुटुंबांची नावे बदलली. ॲली मेची ॲनी मे झाली, बरोजचे गजर झाले. कोणाची गावात नाचक्की होऊ नये, हा त्यामागचा हेतू सरळ होता. म्हणजे १९४१ साली नाव लपवणे ही माणुसकी होती, आणि मथळा गाळणे हा त्या चेहऱ्याचा मान राखण्याचाच एक मार्ग होता.

पण तो ग्रंथ होता. कोऱ्या छायाचित्रांमागून शेकडो पानांचा मजकूर येत होता. त्यात कपाटातल्या कपड्यांपासून भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत घरातली प्रत्येक वस्तू मोजलेली होती, उचल आणि व्याज मोजलेले होते. छायाचित्र गप्प राहू शकत होते, कारण शेजारी कोणीतरी बोलत होते. फाइन आर्ट प्रिंटने त्यातले मौन तेवढे उचलले आणि बोलणे मागे ठेवले. आणि ज्या नावाच्या गुप्ततेला तेव्हा अर्थ होता, ती गुप्तता संपूनही आता कित्येक दशके लोटली आहेत. डेल महारिज आणि मायकेल विल्यमसन यांनी याच कुटुंबांचा पुढील अर्धशतकाचा मागोवा घेतला, १९८९ साली त्यावर पुस्तक लिहिले, १९९० चे पुलित्झर पारितोषिक मिळवले. सगळे जगजाहीर आहे. आज 'कुळाची बायको' लिहिण्यात कोणाची अब्रू राखली जाते? आमच्या मते, फक्त विकत घेणाऱ्याची.

विक्रेत्यांच्या युक्तिवादातील खरी गंमत पुढेच आहे. त्यांना शैलीही विकायची असते आणि दस्तऐवजही. बोलताना 'हे कलेचे स्वायत्त विश्व आहे, येथे सामाजिक तपशील गौण' असे म्हणायचे आणि विकताना मात्र 'अस्सल, १९३६, महामंदी, अलाबामा' हे शब्द ठळक करायचे. नटीला कुळाच्या बायकोचा वेश देऊन एखाद्या स्टुडिओत असेच, अगदी याच छटांचे छायाचित्र काढले, तर तेवढा भाव येईल काय? येणार नाही. म्हणजे किमतीचा एक मोठा हिस्सा त्या बाईच्या खऱ्या असण्यातून येतो. ती खरी असल्याचे पैसे घ्यायचे आणि ती कोण होती हे सांगायचे नाही, हा व्यवहार अर्धेलीपेक्षाही वाईट म्हटला पाहिजे. अर्धेलीत निदान निम्मे तरी कुळाला मिळत असे.

'पण हे कुठे खरे? एव्हन्सने म्हणे वस्तू हलवल्या होत्या,' असा एक फाटा येथे हमखास फुटतो. जेम्स कर्टिस या अभ्यासकाने १९८९ साली दाखवून दिले की बरोज कुटुंबाच्या घरातील एका छायाचित्रात दिसणारे गजराचे घड्याळ एजीच्या तपशीलवार यादीत कोठेच नाही. ते एव्हन्सने आणून ठेवले असावे असा त्यांचा संशय. एरल मॉरिस या चित्रपटकाराने २००९ साली या घड्याळावर दीर्घ लेखमाला लिहिली. वाचायला ती मोठी रंजक आहे. पण घड्याळाचा निकाल कसाही लागो, कुळाच्या कर्जाचा निकाल त्याने बदलत नाही. शंभर अभ्यासक घड्याळावर वाद घालतात आणि व्याजाच्या दरावर चकार शब्द निघत नाही, याचे आम्हांस अधिक नवल वाटते.

आता दुर्मीळतेकडे वळू, कारण सतरावी प्रत, एकूण पन्नास, या आकड्यांवरच तर सारा डोलारा उभा आहे. हे छायाचित्र अमेरिकन करदात्यांच्या पैशाने, सरकारी नोकराने काढलेले. निगेटिव्ह १९४४ पासून काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या ताब्यात आहे. तेथे या प्रकल्पाच्या सुमारे पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्ह आहेत. यावर कोणाचा हक्क नाही, किंवा सर्वांचा आहे. उत्तम दर्जाची डिजिटल प्रत कोणीही, कोठेही, फुकट उतरवून घेऊ शकतो. मूल्य देऊन ग्रंथालयाकडून छापील प्रतही मागवता येते. 'पन्नासच प्रती' याचा अर्थ एवढाच, की एका दुकानदाराने पन्नासानंतर थांबण्याचे ठरवले. एकावन्नावी प्रत आम्ही आज रात्री छापू शकतो. सार्वजनिक पाणवठ्यातून पाणी भरायचे, बाटलीवर क्रमांक घालायचा आणि पाणी दुर्मीळ असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे, असा हा प्रकार आहे.

एव्हन्सच्या हातचे, त्याच काळात काढलेले जुने प्रिंट मोजकेच आहेत आणि त्यांची जुनी वस्तू म्हणून निराळी किंमत आहे, हे आम्हांस मान्य आहे. आमचा आक्षेप त्यांना नाही. ज्या कागदाला त्या काळाचा, त्या हाताचा स्पर्शही नाही, त्याला 'आवृत्ती'ची झूल घालण्याला आहे. छायाचित्राला आवृत्तीची मर्यादा घालण्याची ही रीत बाजाराने प्रामुख्याने १९७० च्या दशकात रुजवली. त्याआधी छायाचित्र ही कितीही वेळा काढता येणारी गोष्ट आहे, यातच त्याचे वैशिष्ट्य मानले जात असे.

या ढोंगावर कलावंतांनीच सुंदर चपराक मारलेली आहे. १९८१ साली शेरी लेव्हीन या अमेरिकन कलावतीने एव्हन्सच्या छायाचित्रांची पुस्तकातून पुन्हा छायाचित्रे काढली, 'आफ्टर वॉकर एव्हन्स' असे नाव दिले, आणि ती स्वतःची म्हणून न्यूयॉर्कच्या दालनात टांगली. त्यात ॲली मेही होती. मूळ कोणते, नक्कल कोणती, कर्ता कोण, असा प्रचंड गदारोळ उठला. २००१ साली मायकेल मँडिबर्ग याने लेव्हीनने काढलेली छायाचित्रे स्कॅन करून सर्वांसाठी खुली केली आणि सोबत प्रमाणपत्रही दिले. ते घरी छापून सही करावी, की प्रिंट 'अस्सल'. विनोद उत्तम आहे, आम्हीही मनमुराद हसलो. पण एव्हन्स, लेव्हीन, मँडिबर्ग असा तीन पिढ्यांचा हा वाद 'हे चित्र कोणाचे' यावर रंगला असताना, ज्या बाईचा चेहरा त्यात तीनदा छापला गेला ती या प्रश्नाच्या संभाव्य उत्तरांतही कोणाला दिसली नाही, हे हसू ओसरल्यावर टोचते. क्रांतिकारकांचे आणि दुकानदारांचे येथे एकमत आहे.

दक्षिणेचाच दुसरा मोठा छायाचित्रकार विल्यम एगल्स्टन. मेम्फिस आणि मिसिसिपीच्या परिसराचे रंग ज्याने जगाला दाखवले. मार्च २०१२ मध्ये त्याच्या जुन्या छायाचित्रांच्या नव्या, भल्यामोठ्या डिजिटल प्रिंटांचा लिलाव झाला. ३६ प्रिंटांचे ५९ लाख डॉलर आले. त्याच चित्रांचे पूर्वीचे मर्यादित आवृत्तीतील प्रिंट ज्याने घेतले होते, त्या एका संग्राहकाने दावा लावला की आमच्या मालाचे मोल घटले. २०१३ साली न्यायालयाने दावा फेटाळला : नव्या आकारात, नव्या तंत्राने काढलेली आवृत्ती ही नवीच आवृत्ती. म्हणजे 'मर्यादित' या शब्दाची मर्यादा काय, ते न्यायालयात ठरून गेले आहे. आमच्या स्नेह्यांनी हा निकाल अवश्य वाचावा.

आणि पैसा? डोरोथिया लँगच्या 'मायग्रंट मदर'चे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, तरी एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. १९९८ साली त्या छायाचित्राचा एक जुना प्रिंट गेटी संग्रहालयाने लिलावात २,४४,५०० डॉलरला घेतला. त्याच वर्षी अमेरिकन टपाल खात्याने तेच चित्र ३२ सेंटच्या तिकिटावर छापले. चित्रातली फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, जन्माने चेरोकी वंशाची, १९७८ पर्यंत जगाला निनावी होती. ती सापडली तेव्हा तिने उघड सांगितले की या चित्रातून तिला एक छदामही मिळालेला नाही, आणि लँगने तिचे नावसुद्धा विचारले नव्हते. १९८३ साली ती गेली. अखेरच्या आजारात उपचारांसाठी मुलांना लोकांपुढे हात पसरावे लागले. लँग वास्तविक मथळ्यांची भोक्ती. १९३९ सालच्या 'ॲन अमेरिकन एक्झोडस'मध्ये तिने व पॉल टेलर यांनी माणसांचे शब्द जसेच्या तसे चित्रांसोबत दिले. तिच्याकडूनही नेमके नाव राहून गेले. तेव्हा केवळ एव्हन्सला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे आम्हांस नामंजूर आहे.

बरोज कुटुंबाचे काय झाले? 'फॉर्च्यून'नेच २००५ साली या कुटुंबांच्या वंशजांवर लेख छापला. छायाचित्रे काढली गेली तेव्हा चार वर्षांचा असलेला मुलगा तोवर वृद्ध झाला होता. त्याचा राग शमलेला नव्हता. कारण ऐकून चकित व्हाल. त्याला पैसा नको होता. एव्हन्स आणि एजी यांनी पुस्तकाची एक प्रतही घरी धाडली नाही, याचा तो राग होता. घरातल्यांची दुसरीही तक्रार होती : आम्हांला असे दाखवले, जणू आमच्याच्याने याहून बरे काही होणारच नव्हते. ही तक्रार छायाचित्रणाच्या कोणत्याही सिद्धान्तापेक्षा आम्हांस अधिक विचार करण्याजोगी वाटते. एव्हन्सने दिलेला मान ज्यांना दिला त्यांच्यापर्यंत पोचला नाही. तो परस्पर आपल्यासारख्या दिवाणखान्यातल्या प्रेक्षकांनी वाटून घेतला.

आणखी एक गोष्ट. एव्हन्सने त्या दिवशी ॲली मेचे एकच छायाचित्र काढले नव्हते. त्याच फळ्यांपुढे, तशाच उभ्या असलेल्या तिच्या एकाहून अधिक निगेटिव्ह आहेत, आणि त्यांतला तिचा भाव सूक्ष्मपणे बदलतो. एकीत ताण अधिक, दुसरीत ओठांची कडा किंचित सैल, जणू ती आता काही बोलणार. १९३८ च्या पुस्तकातले चित्र आणि १९४१ च्या ग्रंथातले चित्र ही एक नव्हेत. एकच चेहरा पन्नास वेळा छापून त्याला 'अमेरिकन दक्षिणेचे प्रतीक' म्हणणाऱ्यांनी ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. ती शेजारी ठेवल्याबरोबर प्रतीक नाहीसे होते आणि कॅमेऱ्यासमोर उभे राहून कंटाळलेली, बहुधा कामे खोळंबलेली, एक सत्तावीस वर्षांची बाई उरते.

कोणी विचारील, मग तुमचे म्हणणे काय, चित्रे भिंतीवर लावूच नयेत? स्नेह्यांनीही हेच विचारले, थोडे दुखावून. लावावीत. खुशाल लावावीत. सरकारी फडताळात कुजण्यापेक्षा भिंत केव्हाही बरी. रॉय स्ट्रायकर हा या प्रकल्पाचा प्रमुख, आणि नापसंत निगेटिव्हना तो कागद टोचण्याच्या यंत्राने भोक पाडीत असे. त्या भोके पडलेल्या चेहऱ्यांकडे पाहिले की कळते, की दप्तराचे प्रेमही काही निर्भेळ नव्हते. पण भिंतीवर लावायचे तर नावासकट लावावे, आणि मागे कोठेतरी तो निम्म्या वाट्याचा हिशेबही चिकटवावा. त्यासाठी पन्नासातली सतरावी प्रत कशाला हवी? फुकट उतरवून घेतलेली प्रत जवळच्या फोटो स्टुडिओत छापून घेतली तरी ॲली मे तशीच पाहते. आम्ही तसे करून पाहिले आहे. आमच्या प्रतीत करड्या छटांची श्रीमंती अंमळ कमी आहे.

निघताना वहिनींनी नाव आमच्याकडून लिहून घेतले. प्रिंटच्या पांढऱ्या समासात ते लिहावे असा त्यांचा बेत होता; पण प्रमाणपत्राच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत सूचना होती, की समासात कोणतीही खूण केल्यास प्रिंटचे मोल नष्ट होईल. परवा दूरध्वनीवर बोलणे झाले. वहिनींनी ते चौकटीच्या खाली, भिंतीवरच, शिसपेन्सिलीने लिहून टाकले आहे. स्नेह्यांना ते अद्याप फारसे रुचलेले नाही.